मैफल जपायची, तर रेकॉर्डर कोणता?

तानपुरे जुळतात, गायक षड्ज लावतो आणि त्याच क्षणी पहिल्या दोन रांगांतील पाच-सात हात खिशाकडे जातात. पुण्या-मुंबईतील गृहमैफलींत हे दृश्य आता नेहमीचे झाले आहे. सतरंजीवर मांडीशेजारी मोबाइल ठेवला जातो, पडद्यावरचा लाल गोल दाबला जातो आणि दोन तासांनी प्रत्येक जण आपापली मैफल खिशात घालून घरी परततो. दुसऱ्या दिवशी निवांतपणे ती ऐकायला घेतली की मात्र निराशा पदरी पडते. गायकाने विलंबितात दोन क्षणांची विश्रांती घेतली, की मागचा तानपुरा कुणी तरी आवाज वाढवावा तसा उसळून वर येतो. समेवर तबल्याची थाप पडली, की गाणे क्षणभर दबून जाते. तारसप्तकातली तान चिरकते. या सगळ्यावर कडी म्हणजे, गायकापेक्षा मोबाइलच्या मालकाची 'वाहवा' अधिक स्पष्ट ऐकू येते.

दोष मोबाइलचा असतो, पण तो निकृष्ट असतो म्हणून नव्हे. तो बोलणे टिपण्यासाठी घडवलेला आहे आणि गाणे हे बोलणे नव्हे. दहा-पंधरा हजार रुपयांच्या घरात मिळणारा, तळहातात मावणारा रेकॉर्डर हेच काम कितीतरी चांगले करतो. बाजारात असे रेकॉर्डर अनेक आहेत आणि त्यांची गुणवर्णने वाचून सामान्य रसिकाचा गोंधळ उडणे साहजिक आहे. त्यामुळे निवड करताना नेमके काय पाहावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

खासगी ध्वनिमुद्रणांचे मोल

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. कोलकात्यात १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्ग यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. पुढची पाच दशके भारतीय रागसंगीत त्या तीन मिनिटांच्या चौकटीतच बाजारात येत राहिले. ख्यालाचा खरा विस्तार, विलंबिताची संथ बढत, रात्र चढत जाताना खुलणारा गळा हे सारे मैफलीतच राहिले. त्यातले जे आज ऐकायला मिळते, त्याचे बरेचसे श्रेय स्पूल टेपची जड यंत्रे खांद्यावरून वाहून नेणाऱ्या आणि नंतर कॅसेट रेकॉर्डर घेऊन बैठकीला बसणाऱ्या रसिकांना जाते. अन्नपूर्णादेवी यांचेच उदाहरण पुरेसे आहे. त्यांनी व्यावसायिक ध्वनिमुद्रिका काढल्या नाहीत. त्यांच्या सूरबहारचे जे थोडेफार वादन उपलब्ध आहे, ते १९५०च्या दशकातील मैफलींच्या खासगी मुद्रणांमुळे. शास्त्रीय संगीताच्या बाहेरही हेच दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्रातील गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यातल्या कित्येक ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात ऐकता येतात, त्या कुणी तरी वेळीच यंत्र घेऊन त्यांच्या घरी पोहोचले म्हणून.

त्या काळातील अडचणीही थोड्या नव्हत्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपे. नेमकी द्रुत बंदीश सुरू होताना कॅसेट उलटण्याची खटपट आणि त्यात हरवलेली दोन आवर्तने जुन्या संग्रहांत हमखास सापडतात. १९९२ मध्ये आलेल्या मिनीडिस्कने टेपची खरखर घालवली, पण आवाज आक्रसून साठवण्याची तिची पद्धत होती आणि मुद्रण संगणकावर उतरवणे हा मोठाच खटाटोप असे. २००५ ते २००७ या दोन-तीन वर्षांत एम-ऑडिओ, एडिरॉल, झूम आणि सोनी यांनी मेमरी कार्डावर किंवा अंतर्गत स्मृतीत मुद्रण करणारे छोटे स्टिरिओ रेकॉर्डर आणले आणि चित्र पालटले. आजचे स्वस्त रेकॉर्डर हे त्यांचेच वारसदार आहेत.

यंत्राची 'हुशारी' नको

निवडीची पहिली कसोटी अगदी साधी आहे. यंत्राने स्वतःच्या बुद्धीने आवाजात कोणताही फेरफार करता कामा नये. किंवा तशी सोय असलीच, तर ती पूर्णपणे बंद करता आली पाहिजे.

मोबाइल आणि कार्यालयीन श्रुतलेखनासाठी विकले जाणारे 'व्हॉइस रेकॉर्डर' स्वयंचलित पातळी-नियंत्रण वापरतात. बैठकीत कुणी हळू बोलले, कुणी मोठ्याने बोलले तरी सर्वांचे बोलणे सारखेच ऐकू यावे, हा त्यामागचा हेतू असतो. बोलण्यासाठी ही सोय उत्तम आहे. संगीतात मात्र हळू आणि मोठा यांतला फरक हाच आशय असतो. गायक कुजबुजल्यासारखा मंद्रात उतरला, की यंत्र आवाज वाढवते. तो तारसप्तकात गेला, की यंत्र आवाज खाली ओढते. गायकाने घडवलेला चढउतार यंत्र सपाट करून टाकते. त्यात भर म्हणून कित्येक मोबाइल 'पार्श्वभूमीचा गोंगाट' ओळखून तो पुसण्याचा प्रयत्न करतात. अखंड, एकसुरी वाजणारा तानपुरा त्यांना पंख्याच्या घरघरीसारखाच भासतो. जवारीचा झंकार त्यात विरून जातो. एकदा असे झाले, की ते मुद्रण नंतर कोणत्याही संगणकावर पूर्ववत करता येत नाही, कारण मूळ आवाज मुळात नोंदलाच गेलेला नसतो.

यासाठीच विकत घेण्यापूर्वी यंत्राच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी शोधाव्यात: पातळी हाताने ठरवण्याची सोय, 'डब्ल्यूएव्ही' स्वरूपात आक्रसल्याविना मुद्रण आणि निदान २४ बिटची क्षमता. ज्या यंत्रात फक्त एमपी-३ मुद्रण होते, ते कितीही स्वस्त असले तरी या कामासाठी घेऊ नये.

बिट आणि किलोहर्ट्झ

जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेले आकडे ग्राहकाला सर्वाधिक भुलवतात. '९६ किलोहर्ट्झ' हा त्यांपैकी एक. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सुमारे २० किलोहर्ट्झ असते आणि तेवढा पल्ला टिपायला सेकंदाला ४४ हजार १०० किंवा ४८ हजार नमुने पुरतात. ९६ किलोहर्ट्झने फाइल दुप्पट मोठी होते, मैफल दुप्पट चांगली होत नाही.

बिटची गोष्ट वेगळी आहे. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत क्षीण आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. ऐकण्यासाठी ते पुरेसे आहे, पण मुद्रण करताना पातळी अचूक ठरवावी लागते. २४ बिटमध्ये हे अंतर कागदोपत्री १४४ डेसिबल होते. प्रत्यक्षात स्वस्त यंत्रातले भाग तिथवर पोहोचत नाहीत. तरीही एवढी सवड मिळते, की पातळी खासी खाली ठेवून निर्धास्त बसता येते आणि नंतर घरी आवाज वाढवता येतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा मुद्रणाला तासाला साधारण एक गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डावर सुमारे ३० तास.

अलीकडच्या काही वर्षांत '३२ बिट फ्लोट' हा नवा शब्द स्वस्त यंत्रांपर्यंत पोहोचला आहे. २०२४ मध्ये आलेला झूम कंपनीचा 'एच-१ इसेन्शियल' हे त्याचे ठळक उदाहरण. अमेरिकेत त्याची किंमत १०० डॉलरच्या आत ठेवण्यात आली होती. अशा यंत्रांत क्षीण आणि मोठ्या आवाजांसाठी दोन वेगळे परिवर्तक एकाच वेळी काम करतात आणि त्यांची नोंद एकत्र केली जाते. परिणामी मुद्रणाची पातळी ठरवावीच लागत नाही. 'एच-१ इसेन्शियल'वर ती ठरवण्याची कळच नाही. आवाज फाइलमध्ये फार लहान किंवा शून्याच्या वर गेलेला दिसला, तरी नंतर संगणकावर तो विनाहानी योग्य पातळीवर आणता येतो. ज्यांना मैफलीत यंत्राकडे लक्ष द्यायचे नाही, गाण्याकडे द्यायचे आहे, त्यांच्यासाठी ही खरोखरच मोठी सोय आहे.

याविषयीचे गैरसमज मात्र दूर केले पाहिजेत. ही सोय केवळ यंत्राच्या आतल्या नोंदीपुरती आहे. मायक्रोफोनलाच सहन होणार नाही एवढा मोठा आवाज त्याच्यापाशी पोहोचला, तर तो फाटलेलाच नोंदला जातो. तसेच स्वस्त मायक्रोफोनची स्वतःची एक बारीक सळसळ असते, तीही तशीच राहते. शिवाय घरी आल्यावर संगणकावर पातळी नीट करण्याचे काम करावेच लागते. ते न करता फाइल तशीच मित्राला पाठवली, तर ती त्याला अगदी क्षीण ऐकू येईल किंवा त्याच्या जुन्या यंत्रावर वाजणारच नाही. ज्यांच्या घरी संगणकाशी सलोखा नाही, त्यांनी हाताने पातळी ठरवण्याचे साधे २४ बिटचे यंत्र घेतलेले बरे.

चहूकडचे ऐकणारा की समोरचे?

या किमतीच्या यंत्रांत मायक्रोफोन अंगचेच असतात आणि खरा फरक तिथे पडतो. टॅस्कॅमच्या 'डीआर-०५ एक्स'वर (२०१९) चहूकडून सारखेच ऐकणारे दोन मायक्रोफोन आहेत, तर त्याच्याच 'डीआर-०७ एक्स'वर मुख्यतः समोरचे ऐकणारे, दिशा बदलता येणारे दोन. झूमच्या 'एच-१ एन' (२०१८) आणि 'एच-१ इसेन्शियल' या दोन्हींवर समोरचे ऐकणारे दोन मायक्रोफोन एकमेकांना काटकोनात छेद देऊन बसवलेले असतात.

चहूकडून ऐकणारा मायक्रोफोन खालचे स्वर भरदार टिपतो. डग्ग्याचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज त्यात अधिक नैसर्गिक येतो. हात लागल्याचा किंवा वाऱ्याचा त्रासही त्याला तुलनेने कमी होतो. पण मागे बसलेल्यांची कुजबुज, स्वयंपाकघरातील कपबशा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी हेही तो तितक्याच निष्ठेने टिपतो. शांत, नीटस खोलीत मोजक्या श्रोत्यांसमोर गाणे असेल आणि यंत्र कलाकाराच्या जवळ ठेवू दिले जाणार असेल, तर हा प्रकार सरस ठरतो. सभागृहात, मंदिराच्या सभामंडपात किंवा फरशी आणि उघड्या भिंतींमुळे घुमणाऱ्या दिवाणखान्यात समोरचे ऐकणारा मायक्रोफोन बरा. शहरातल्या बहुतेक गृहमैफली फ्लॅटच्या दिवाणखान्यात होतात हे लक्षात घेता, एकच यंत्र घ्यायचे असेल तर दुसऱ्या प्रकाराकडे झुकणे शहाणपणाचे.

तुलनेसाठी दुकानात एक सोपी परीक्षा घेता येते. यंत्राची पातळी बरीच वाढवून शक्य तितक्या शांत कोपऱ्यात एक मिनिट मुद्रण करावे आणि हेडफोन लावून ऐकावे. जी सळसळ ऐकू येईल, तीच उद्या आलापाच्या मागे ऐकू येणार आहे.

जागा चुकली की सारे चुकले

महागडे यंत्र चुकीच्या जागी ठेवले, तर योग्य जागी ठेवलेले स्वस्त यंत्र त्याच्यावर सहज मात करते. या विषयातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित सत्य हेच आहे. आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले, की थेट पोहोचणारा आवाज सहा डेसिबलने घटतो. खोलीचा घुमारा मात्र सगळीकडे जवळपास तेवढाच राहतो. गायक चार मीटरवर आणि रसिकाचे स्वतःचे तोंड यंत्रापासून अर्ध्या मीटरवर असेल, तर दोघांनी सारख्याच जोराने आवाज काढला तरी रसिकाचा आवाज १८ डेसिबल अधिक नोंदला जातो. 'क्या बात है' गाण्यावर का चढते, याचे उत्तर या आकड्यात आहे.

म्हणून यंत्र स्वतःजवळ ठेवू नये. कलाकारांची आणि यजमानांची परवानगी घेऊन ते एका छोट्या स्टँडवर, कलाकारांसमोर दीड-दोन मीटरवर, बसलेल्या गायकाच्या तोंडाच्या किंचित वर उभे करावे. सतरंजीवर ठेवलेल्या यंत्राला तबल्याचा आणि पावलांचा धक्का जमिनीतून पोहोचतो. स्टँड नसेलच, तर छोट्या स्टुलावर जाड टॉवेलची घडी घालून त्यावर यंत्र ठेवणे हा तात्पुरता उपाय. छतावरच्या पंख्याचा झोत थेट यंत्रावर येत असेल, तर फोमची टोपी चढवावी. त्याहून उत्तम म्हणजे तेवढा एक पंखा बंद ठेवण्याची विनंती करावी.

दोन मीटर हे अंतर काही शिलालेख नव्हे. यंत्र जवळ नेले की गळा ठसठशीत येतो, पण मागे बसलेल्या तानपुऱ्यांचा पडदा विरळ होतो. दूर नेले की सारे एकजीव होते, पण खोली बोलू लागते. पेटी छोट्या खोलीत फार वरचढ होते. अशा वेळी यंत्र पेटीपासून तबल्याच्या बाजूला अर्धा हात सरकवले तरी फरक पडतो. तबला भारी होत असेल, तर उलट. वाद्ये जुळत असताना दोन मिनिटांचे मुद्रण करून हेडफोनवर ऐकणे आणि जागा बदलून पुन्हा ऐकणे, यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही. यासाठी मैफलीला अर्धा तास आधी पोहोचावे लागते. बहुतेकांची अडचण नेमकी तिथेच असते.

कार्यक्रमात ध्वनिक्षेपक लावलेले असतील, तर गणित बदलते. कर्ण्यासमोर ठेवलेला रेकॉर्डर कर्ण्याचा आवाज टिपतो, कलाकाराचा नव्हे. अशा वेळी ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याशी बोलून मिक्सरमधून तार घेता येते का ते विचारावे. त्यासाठी यंत्राला 'लाइन' पातळीचा आवाज स्वीकारणारी खाच असायला हवी. केवळ मायक्रोफोनसाठी असलेल्या खाचेत मिक्सरची तार जोडली, तर आवाज हमखास फाटतो. मिक्सरकडून येणारा आवाज स्वच्छ असला तरी कोरडा असतो. छोट्या सभागृहात तबला मुळातच मोठा वाजत असल्याने मिक्सरमध्ये तो कमी ठेवलेला असतो आणि मुद्रणात तबलाच हरवतो, हा अनुभव नवा नाही.

पातळी आणि इतर कळा

२४ बिटच्या यंत्रावर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास पोहोचेल, अशी पातळी ठेवावी. अडचण अशी, की सुरुवातीला जुळवाजुळवीत गायक अर्ध्या आवाजात गुणगुणतो. त्या आवाजावर पातळी ठरवली, तर पाऊण तासाने द्रुतातील ताना फाटणार हे निश्चित. त्यापेक्षा तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून थाप मारून पाहतो, तो आवाज प्रमाण धरावा. त्याहून मोठे फारसे काही पुढे येत नाही. अपवाद एकच, शेवटच्या टाळ्या. त्या फाटल्या तरी बिघडत नाही. एकदा ठरवलेली पातळी मैफलीत मध्येच बदलू नये. तो बदल मुद्रणात पायरीसारखा ऐकू येतो.

'लो-कट' नावाची कळ पंख्याची घरघर कमी करते म्हणून ती सुरूच ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. भारतीय संगीतासाठी तो घातक ठरू शकतो. काळी एक या स्वरात गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. ८० किंवा १२० हर्ट्झच्या खालचे कापून टाकणारी ही कळ खर्जाच्या तारेचा पायाच काढून घेते आणि डग्ग्यालाही पोकळ करते. घरघर नंतर संगणकावर कमी करता येते. कापलेला खर्ज परत आणता येत नाही.

फसगतीच्या जागा आणखीही आहेत. काही यंत्रांत मुद्रणाची कळ पहिल्यांदा दाबली की ते फक्त सज्ज होते आणि लाल दिवा लुकलुकू लागतो. मुद्रण सुरू होते ते कळ दुसऱ्यांदा दाबल्यावर, जेव्हा दिवा स्थिर होतो. लुकलुकत्या दिव्याकडे समाधानाने पाहत अख्खी मैफल ऐकलेले आणि घरी रिकामे कार्ड घेऊन गेलेले लोक थोडे नाहीत. पडद्यावरचा वेळ पुढे सरकतो आहे ना, हे पाहणे हाच त्यावरचा उपाय. सुरू झाल्यावर कळा गोठवण्याची सोय असेल, तर ती वापरावी. कार्यक्रमाला नवे किंवा पूर्ण भारित सेल घालून जावे आणि मध्यंतरात मुद्रण रीतसर थांबवून, फाइल बंद करून ते बदलावेत. मुद्रण चालू असताना कार्ड काढणे म्हणजे सगळ्यावर पाणी सोडणे. मेमरी कार्ड ओळखीच्या दुकानातून, पावतीसह घ्यावे. नावाजलेल्या छापाची, पण प्रत्यक्षात छापल्यापेक्षा कमी क्षमतेची नकली कार्डे बाजारात आहेत आणि ती नेमकी भरत आल्यावर दगा देतात.

किती खर्च करावा?

अगदीच नवा खर्च नको असेल, तर मोबाइलवर स्वयंचलित पातळी आणि गोंगाट-नियंत्रण बंद करता येणारे, डब्ल्यूएव्ही मुद्रण करणारे अॅप शोधावे, फोन 'एअरप्लेन मोड'वर टाकावा आणि तो स्वतःजवळ न ठेवता स्टँडवर कलाकारांसमोर ठेवावा. एवढ्यानेही लक्षणीय सुधारणा होते. त्याच्या वरची पायरी म्हणजे वर उल्लेखलेली छोटी यंत्रे. टॅस्कॅमच्या याच मालिकेत पुढे ३२ बिट फ्लोटची आवृत्तीही आली आहे. बहुसंख्य रसिकांचे काम या पायरीवर भागते. झूमच्या नव्या मालिकेत दृष्टिहीनांसाठी बोलून मार्गदर्शन करण्याची सोय आहे, हेही नोंदवण्याजोगे.

दुप्पट-तिप्पट किमतीच्या यंत्रांना व्यावसायिक मायक्रोफोन जोडण्याच्या खाचा असतात. पण मायक्रोफोन, तारा आणि स्टँड यांचा खर्च यंत्राच्या किमतीइतकाच होतो. वर्षातून चार मैफली टिपणाऱ्याने त्या फंदात पडू नये. उरलेल्या पैशांत बरे बंद हेडफोन आणि पक्का स्टँड घ्यावा. जुन्या यंत्रांपैकी सोनीच्या 'पीसीएम-एम १०'ची (२००९) कमी सळसळ आणि दीर्घकाळ चालणारे सेल यांमुळे ख्याती होती. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. ते वापरलेले मिळाले, तर कळा आणि कार्डाची खाच तपासून मगच घ्यावे. नवे यंत्र परदेशातून कुणाकडून मागवले, तर ते स्वस्त पडते हे खरे, पण इथे दुरुस्तीची हमी मिळेल का, हे आधी विचारावे.

परवानगीचा प्रश्न

यंत्र कितीही चांगले असले तरी ते लपवून नेणे योग्य नाही. कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये झालेल्या सुधारणेने कलाकारांना त्यांच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क मिळाला आणि त्याची मुदत आज ५० वर्षे आहे. त्याच कायद्याच्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हा त्या हक्काचा भंग ठरत नाही. मात्र तेच मुद्रण इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवणे खासगी उपयोगात बसत नाही. शिवाय आयोजकांनी मुद्रणाला मनाई केली असेल, तर ती पाळलीच पाहिजे. कायद्यापलीकडचा भागही आहे. रियाजाचा गळा, उतारवयातला एखादा निसटता स्वर, पहिल्यांदाच मांडून पाहिलेली बंदीश हे जगजाहीर व्हावे असे प्रत्येक कलाकाराला वाटेलच असे नाही. मुद्रण कशासाठी हवे आणि ते कुणाकुणाला देणार, हे मैफलीआधी स्पष्ट सांगितले तर बहुतेक कलाकार नकार देत नाहीत. एक प्रत त्यांना पाठवण्याचा शब्द दिला आणि तो पाळला, तर पुढच्या वेळी स्टँड कुठे ठेवायचा हे तेच सुचवतात.

घरी आल्यावर

जुन्या कॅसेट-संग्रहांची खरी शोकांतिका बुरशी ही नाही, तर कोऱ्या चिठ्ठ्या ही आहे. आवाज ओळखीचा वाटतो, पण गाव, साल, साथीदार काहीच कळत नाही. त्यासाठी मुद्रण थांबवण्यापूर्वीच, टाळ्या ओसरल्यावर, यंत्राजवळ जाऊन तारीख, स्थळ, कलाकार, साथसंगत, राग, ताल आणि बंदिशीचे पहिले शब्द हळू आवाजात बोलून ठेवावेत. फाइलचे नाव पुढे-मागे बदलले, तरी ही नोंद तिच्या पोटातच राहते. घरी आल्यावर त्याच रात्री फाइल संगणकावर उतरवून तारखेने सुरू होणारे नाव द्यावे. मूळ फाइलला हात न लावता पातळी सुधारलेली प्रत वेगळी करावी. जागा कमी पडत असेल, तर आवाजातला एक कणही न गमावता फाइल लहान करणारे 'फ्लॅक' हे स्वरूप वापरावे. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी दुसऱ्या घरात, नातेवाइकाकडे किंवा कलाकाराकडेच असावी. कार्ड पुढच्या मैफलीसाठी पुसण्याआधी दोन्ही प्रती उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीनही भाग ऐकून पाहावेत.